वंशवृक्ष नव्या कॉम्प्युटरवर नेताना: ग्रॅम्प्सच्या नव्या वापरकर्त्यांसाठी

छापील कुलवृत्तान्त एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचा तर पिशवीत टाकला की झाले. कॉम्प्युटरवरचा वंशवृक्ष तसा जात नाही, कारण ती एक वस्तू नसून तीन ठिकाणी पसरलेला संसार असतो. माणसे, नाती, तारखा आणि टिपा प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये असतात. फोटो, जन्मदाखले, तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या पानांची चित्रे ही सगळी वेगळ्या फोल्डरांत असतात, आणि वंशवृक्षात त्यांचा फक्त पत्ता नोंदलेला असतो. तुमच्या आवडीनिवडी, स्वतः बनवलेले फिल्टर (नोंदी गाळून दाखवणारे नियम) आणि जोडलेली ॲड-ऑन (प्रोग्रामला वरून जोडायच्या जादा सोयी) तिसऱ्याच जागी. यातले एक नेले आणि दोन विसरले, की नव्या कॉम्प्युटरवर पणजोबा दिसतात पण त्यांच्या फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते.

इथले टप्पे ग्रॅम्प्स या वंशवृक्ष ठेवण्याच्या प्रोग्रामचे आहेत. हा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. रूट्समॅजिक, लेगसी किंवा फॅमिली ट्री मेकर वापरत असाल तर मेनूंची नावे वेगळी असतील, पण तत्त्व तेच: प्रोग्राम स्वतः काढून देतो तो बॅकअप न्यायचा, त्याचे आतले फोल्डर उचलून न्यायचे नाहीत.

फोल्डर का उचलू नये

ग्रॅम्प्सचे डेटाबेस ‘ग्रॅम्प्सडीबी’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक वंशवृक्षाला त्यात एक उपफोल्डर मिळतो आणि त्याचे नाव अक्षर-आकड्यांचे अगम्य असते. ‘जोशी घराणे’ या नावाने शोधायला गेलात तर काही सापडत नाही, कारण ते नाव आतल्या एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. ५.१ आवृत्तीपासून डेटाबेस एसक्यूलाइट या प्रकारचा असतो, त्याआधी बीएसडीडीबी होता. प्रोग्राम उघडा असताना फोल्डर कॉपी केला तर अर्धवट लिहिलेली फाइल येऊ शकते, आणि सोबत एक ‘लॉक’ फाइल हमखास येते. मग नवा कॉम्प्युटर सांगतो की हा वंशवृक्ष दुसरे कोणीतरी वापरत आहे.

याच कारणाने ग्रॅम्प्सचा चालू डेटाबेस गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ही साधने फाइल बदलली की तिची प्रत वर पाठवतात. तुमची नोंद अजून पुरी व्हायची आहे, हे त्यांना कळत नाही. दोन कॉम्प्युटरांवरून एकाच दिवशी काम झाले की दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात आणि कोणती खरी हे सांगायला कोणी उरत नाही. तयार झालेली बॅकअप फाइल मात्र तिथे खुशाल ठेवा.

जुन्या कॉम्प्युटरवर: निघण्याआधीची आवराआवर

आधी आवृत्ती पाहा. ‘हेल्प’ मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये आकडा दिसतो. नव्या कॉम्प्युटरवर तीच किंवा त्याहून नवी आवृत्ती हवी. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीत उघडेल असे धरून चालू नका. एकदा नव्याने रूपांतर केलेला डेटाबेस मागे जात नाही.

मग मोजदाद. ‘रिपोर्ट्स’ → ‘टेक्स्ट रिपोर्ट्स’ → ‘डेटाबेस समरी’ हा अहवाल काढा आणि पीडीएफ करून ठेवा. त्यात व्यक्ती किती, कुटुंबे किती, मीडिया (म्हणजे जोडलेले फोटो आणि कागदपत्रे) किती आणि हरवलेले मीडिया किती हे आकडे मिळतात. पलीकडे पोहोचल्यावर सगळे आले की नाही, हे सांगणारा पुरावा हाच. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मग सहा महिन्यांनी आत्याची शाखा गायब असल्याचे लक्षात येते तोवर जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला असतो.

‘टूल्स’ → ‘फॅमिली ट्री रिपेअर’ → ‘चेक अँड रिपेअर’ एकदा चालवा. तुटलेले दुवे ते जोडते. एखादा फोटो सापडला नाही तर खिडकी उघडून विचारते: नोंद ठेवायची, काढायची की फाइल दाखवायची? इथे ‘रिमूव्ह’ दाबू नका. फोटो फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकलेला असतो, आणि ‘रिमूव्ह’ने त्याच्याशी जोडलेली तुमची टीप, तारीख, सगळेच जाते. ‘सगळ्यांसाठी हेच करा’ या खुणेवर चुकून टिचकी पडली तर एका फटक्यात शंभर नोंदी जातील.

आता फोटो. सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो, म्हणून जरा थांबून करा.

विंडोजवर जोडलेल्या फोटोचा पत्ता ‘सी ड्राइव्ह, यूझर्स, तुमचे नाव, पिक्चर्स…’ असा पूर्ण नोंदलेला असू शकतो. नव्या कॉम्प्युटरवर वापरकर्त्याचे नाव वेगळे ठेवले की तो पत्ता खोटा ठरतो. मॅकवर तर सी ड्राइव्ह हा प्रकारच नाही. विंडोज ११ मध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की ‘पिक्चर्स’ फोल्डर परस्पर वनड्राइव्हच्या आत सरकतो, म्हणजे कॉम्प्युटर न बदलताही पत्ता बदलतो. उपाय असा:

१. ‘वंशवृक्ष-फोटो’ अशा अर्थाचा एकच फोल्डर करा, नाव रोमन लिपीत. सगळे फोटो आणि कागदपत्रे त्याच्या आत, हवे तर शाखेनुसार उपफोल्डरांत.

२. ‘एडिट’ → ‘प्रेफरन्सेस’मध्ये सापेक्ष मीडिया पत्त्यांचा मूळ फोल्डर नेमायची जागा आहे. तिथे हा फोल्डर द्या. आवृत्तीप्रमाणे टॅब बदलतो, पण ‘बेस’ आणि ‘मीडिया’ हे शब्द त्या ओळीत असतात.

३. फोटो दुसरीकडून इथे हलवले असतील तर ‘टूल्स’ → ‘युटिलिटीज’ → ‘मीडिया मॅनेजर’मध्ये ‘पत्त्यातील मजकूर बदला’ हा पर्याय वापरून जुना पत्ता काढा, नवा घाला.

४. त्याच मीडिया मॅनेजरमध्ये पूर्ण पत्ते सापेक्ष करण्याचा पर्याय निवडा. यापुढे ग्रॅम्प्सच्या लेखी फोटो ‘मूळ फोल्डरमधला अमुक’ एवढाच राहतो. मूळ फोल्डर कुठेही नेला तरी चालते.

फोटोंच्या फाइलनावांबद्दल एक सल्ला, थोडा कडक वाटला तरी पाळाच: नावे रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंकांत ठेवा, तीही सगळी लहान लिपीत. मराठीचा अभिमान फोटोखालच्या टिपेत दाखवा. कारण तांत्रिक आहे. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊनही. जुन्या मॅक डिस्का फाइलनावातली अशी चिन्हे आपोआप दोन तुकड्यांत मोडून साठवतात. डोळ्यांना नाव तेच दिसते, पण विंडोजवर पोहोचल्यावर वंशवृक्षातला पत्ता आणि फाइलचे नाव जुळत नाही. लिनक्सची तऱ्हा आणखी निराळी: तिथे शेवटचे जेपीजी मोठ्या लिपीत की लहान, याने फाइलच वेगळी ठरते. फाइलनावे बदलायची असतील तर हलवण्याच्या दिवशी घाईत बदलू नका. ग्रॅम्प्समधला पत्ताही सोबत बदलावा लागतो.

बॅकअप

‘फॅमिली ट्रीज’ → ‘मेक बॅकअप’. फोल्डर निवडा, आणि ‘मीडिया’समोर ‘इन्क्लूड’ निवडा. फाइलच्या नावात तारीख असू द्या.

मीडियासह काढलेल्या फाइलच्या नावाशेवटी टिंबानंतर जीपीकेजी ही अक्षरे येतात. मीडियाविना काढली तर टिंबानंतर ग्रॅम्प्स. पहिली म्हणजे माहिती आणि फोटो यांचे एकत्र गाठोडे, दुसरीत नुसती माहिती. दोन्ही काढा. नुसत्या माहितीची फाइल छोटी असते, सहसा ईमेलमधून जाते, आणि गाठोड्याला काही झाले तर तीच उपयोगी पडते.

या फाइली बंद कुलूप नव्हेत. सेव्हन-झिप या फुकट साधनाने उघडल्या तर आत साधा एक्सएमएल मजकूर आणि तुमचे फोटो सरळ दिसतात. उद्या ग्रॅम्प्स राहिले नाही तरी माहिती वाचता येईल, आणि कुटुंबाच्या नोंदी ठेवायला हा प्रोग्राम निवडण्याचे ते एक चांगले कारण आहे.

बॅकअपमध्ये काय येत नाही, तेही पाहा: तुम्ही बनवलेले फिल्टर, अहवालांच्या ठरवलेल्या सेटिंग आणि ॲड-ऑन. ॲड-ऑन नव्याने उतरवा. फिल्टर पुष्कळ असतील तर ग्रॅम्प्सच्या वापरकर्ता-फोल्डरमधली ‘कस्टम फिल्टर्स’ नावाची एक्सएमएल फाइल वेगळी घ्या. मॅकवर तो फोल्डर तुमच्या ‘लायब्ररी’तल्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये असतो, विंडोजवर लपवलेल्या ‘ॲपडेटा’च्या आत, आणि लिनक्सवर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये. चार-दोनच फिल्टर असतील तर हा खटाटोप नको, पुन्हा बनवा.

वाहतूक

पेनड्राइव्ह पुरेसा आहे. फक्त तो कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे ते पाहा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही आणि विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ अशा धाटणीची तक्रार करते, ड्राइव्ह रिकामा असूनही. एक्स-फॅटने पुन्हा फॉरमॅट करा (आतले सगळे पुसले जाते), तो विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात. कॉपी झाल्यावर ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा.

जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडता येते. व्हॉट्सॲपने पाठवायचे तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून. सुटे फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवले तर ते दाबून लहान होतात, आणि मोडीतला दाखला मग वाचण्याजोगा राहत नाही.

नव्या कॉम्प्युटरवर

१. ग्रॅम्प्स बसवा आणि आवृत्ती तपासा.

२. आधी फोटोंसाठी तोच मूळ फोल्डर तयार करा.

३. ‘फॅमिली ट्रीज’ → ‘मॅनेज फॅमिली ट्रीज’ → ‘न्यू’. नाव द्या आणि ‘लोड’ करा. वंशवृक्ष रिकामा असला पाहिजे.

४. ‘प्रेफरन्सेस’मध्ये मीडियाचा मूळ फोल्डर लगेच नेमा.

५. ‘फॅमिली ट्रीज’ → ‘इम्पोर्ट’, आणि जीपीकेजी फाइल निवडा. हजारो माणसे आणि बरेच फोटो असतील तर वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

६. प्रेफरन्सेसमधला मूळ फोल्डर पुन्हा पाहा. फाइलीसोबत जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता आलेला असू शकतो.

७. ‘डेटाबेस समरी’ काढा आणि जुन्या पीडीएफशेजारी ठेवून आकडे ताडून बघा.

तिसऱ्या पायरीतला ‘रिकामा’ हा शब्द अधोरेखित करा. आधीच माणसे असलेल्या वंशवृक्षात इम्पोर्ट केले तर ग्रॅम्प्स दोन्ही एकत्र ओततो. त्याच आजोबांचे दोन आजोबा होतात, दोघांना तीच सहा मुले. इम्पोर्ट अन्डू करता येत नाही, म्हणून असे झाले तर हाताने निवडत बसण्यापेक्षा तो वंशवृक्ष काढून पायरी तीनपासून पुन्हा सुरू करा.

व्यक्तींचे आकडे जुळले पण हरवलेले मीडिया शून्य नाही, तर मूळ फोल्डर चुकला असण्याची शक्यता जास्त. गाठोड्यातले फोटो त्या मूळ फोल्डरच्या आत, गाठोड्याच्या नावापुढे ‘मीडिया’ लागलेल्या उपफोल्डरमध्ये उघडलेले असू शकतात. ते आधी पाहा. पत्ता कळला की मीडिया मॅनेजरने मजकूर बदला. एकेक फोटो हाताने जोडत बसू नका.

जेडकॉम कधी, आणि कधी नाही

पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो: जेडकॉम फाइल काढा आणि ती न्या. प्रोग्राम बदलत असाल, किंवा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्या नातलगाला द्यायची असेल, तर हा सल्ला बरोबर. ग्रॅम्प्समधून ग्रॅम्प्समध्येच जायचे असेल तर चुकीचा. जेडकॉम ही वंशवृक्षाची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याची, १९८४पासून चालत आलेली सामाईक पद्धत आहे आणि प्रत्येक प्रोग्राम तिच्यात आपल्याला समजेल तेवढेच ओततो. फोटो तिच्यात येत नाहीत, फक्त पत्ते येतात. (२०२१च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट गाठोड्याची सोय आहे, पण पलीकडच्या प्रोग्रामला ती वाचता आली पाहिजे.) एकाच लग्नाच्या प्रसंगाला जोडलेले साक्षीदार, रंगीत टॅग, गाव-तालुका-जिल्हा अशी ठिकाणांची उतरंड, यांतले बरेच वाटेत गळते किंवा टिपेत जाऊन पडते.

मराठी घराण्यांच्या नोंदींना जेडकॉममध्ये तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, नावे. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांमध्ये लिहितात, वडिलांच्या नावासाठी वेगळा खण नाही. म्हणून मधले नाव सरळ स्वतःच्या नावाच्या खणात, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. सुनेचे माहेरचे नाव मुख्य ठेवा आणि सासरचे ‘मॅरीड नेम’ या प्रकारचे पर्यायी नाव म्हणून द्या. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर तेही या पर्यायी नावातच. काही प्रोग्राम पहिलेच नाव वाचतात. ते माहेरचे असेल तर तिच्या आईवडिलांशी जुळते.

दुसरी, शक. ग्रॅम्प्समध्ये इस्लामी, पर्शियन, हिब्रू कालगणना आहेत, शालिवाहन शक नाही. ‘१८२०’ एवढेच लिहिले तर प्रोग्राम ते इसवी सन समजतो आणि खापरपणजोबा ७८ वर्षांनी म्हातारे होतात. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८२०चा माघ म्हणजे १८९९. तिथी ठाऊक नसेल तर ‘१८९८ ते १८९९च्या दरम्यान’ असे द्या आणि मूळ शक टिपेत जसाच्या तसा ठेवा. तारखेचे अंक इंग्रजी ठेवा, जेडकॉमच्या नियमात तेच बसतात. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव ही ‘अट्रिब्यूट’ म्हणून दिलेली माहिती पोहोचते, पण काही प्रोग्राम ती टिपांत टाकतात.

तिसरी, लिपी. जुन्या ५.५ जेडकॉममध्ये ॲन्सेल ही अक्षरपद्धती रूढ होती आणि तिच्यात देवनागरी नाही. ५.५.१पासून यूटीएफ-८ ही देवनागरीसकट सगळ्या लिप्या पेलणारी अक्षरपद्धती चालते, ७.० मध्ये तेच एक चालते. निर्यातीत निवड मिळत असेल तर यूटीएफ-८च निवडा. पलीकडे अक्षरे बिघडली तर बिघाड पाहून कारण ओळखता येते:

- नुसती प्रश्नचिन्हे: अक्षरे कायमची गेली. ही फाइल टाकून द्या आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा निर्यात करा.
- डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि चार कोपऱ्यांना टोके फुटलेले वर्तुळ, हीच जोडी पुन्हा पुन्हा: फाइल शाबूत आहे, प्रोग्राम ती चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे.
- रिकामे चौकोन: फॉन्ट नाही. माहितीला धक्का नाही.
- ‘गोविंद’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा: मूळ मजकूर कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो मुळात देवनागरी नाहीच, इंग्रजी कळांना दिलेले देवनागरी रूप आहे. फॉन्टनुसार परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, आणि जोडाक्षरे व रफार हाताने तपासा.

जेडकॉम फाइल वर्डमध्ये उघडून साठवू नका. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये, आणि न साठवता बंद करा.

जुना कॉम्प्युटर बंदच पडला असेल तर

हार्ड डिस्क बाहेरून जोडता येत असेल तर आधी तिच्यात टिंब-ग्रॅम्प्स शेवट असलेल्या फाइली शोधा. बंद होताना आपोआप बॅकअप घेण्याची सेटिंग चालू असेल तर तारीख-वेळ नावात असलेल्या प्रती सापडतील, फोटोंशिवाय. त्या नसतील तरच ‘ग्रॅम्प्सडीबी’ फोल्डर उचला, नव्या कॉम्प्युटरवरच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आवृत्ती जुनीच बसवा. कुलपाची सूचना आली तर ते तोडायला हो म्हणा. आतल्या ‘डेटाबेस’ टेक्स्ट फाइलमध्ये बीएसडीडीबी लिहिले असेल तर ५.१ आवृत्तीत उघडून तिथून बॅकअप काढा, मगच नव्या आवृत्तीकडे वळा.

दोन ठिकाणी काम चालू असेल तर

दादा पुण्यात आणि ताई न्यू जर्सीत, दोघेही भर घालतात, असे असेल तर मूळ प्रत एकाचीच ठरवा. दुसऱ्याने नवी माहिती टिपांच्या स्वरूपात पाठवावी आणि पहिल्याने ती भरावी. दोघांनाही थेट लिहायचे असेल तर सर्व्हरवर चालणारे ग्रॅम्प्स वेब उभारा. फाइली इकडून तिकडे पाठवत राहिलात तर महिन्याभरात दोन वंशवृक्ष होतील.

नातलगांना प्रत देताना निर्यातीच्या खिडकीतले दोन पर्याय वापरा: ‘प्रायव्हेट’ खूण केलेल्या नोंदी वगळणे, आणि हयात व्यक्तींचे तपशील वगळणे किंवा नावाच्या जागी ‘लिव्हिंग’ घालणे. अनेक बँका आजही ओळख पटवायला जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव विचारतात, आणि वंशवृक्षात या दोन्ही गोष्टी एकाच पानावर असतात.